सही जुळत नाही

मुलीचा अभ्यास या वर्षी मी बघणार, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणी हसलं नाही. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती.

झालं होतं असं, की बायकोची बदली झाली. ती परिचारिका आहे. चार तासांवरच्या एका इस्पितळात तिला वर्षभरासाठी पाठवलं. एक शनिवार सोडून एक शनिवार घरी यायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचं, असं ठरलं. मुलगी नुकतीच दुसरीत गेली होती. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण पाय फुटल्यापासून ती स्वतःपेक्षा मोठी काहीतरी वस्तू ओढत घरभर फिरायची. बायको बॅग भरता भरता माझ्यासाठी यादी लिहीत होती. डबा, नखं, खोकल्याचं औषध, गणवेशाचा दुसरा जोड. यादी दुसऱ्या पानावर गेली तेव्हा मला जरा अपमान वाटला. मी म्हणालो, बावीस वर्षं मी सरकारी दप्तर सांभाळतोय, दुसरीतल्या एका पोरीचं दप्तर मला जड नाही. हा विनोद मला बरा वाटला होता. बायकोने तिसरं पान घेतलं.

माझ्या नोकरीबद्दल इथे सांगायला हवं. दस्त नोंदणीच्या कार्यालयात मी सह्या तपासतो. जुन्या दस्ताची नक्कल कुणी मागितली, की त्याच्या अर्जावरची सही आणि आमच्या कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी ठेवायच्या, भिंगातून बघायच्या, आणि जमलं तर 'जुळते', नाहीतर 'सही जुळत नाही' असा शेरा मारून अर्ज परत करायचा. म्हातारी माणसं हात थरथरतो म्हणून सांगतात, बायका माहेरची आणि सासरची सही वेगळी झाली म्हणून सांगतात. मी कुणाचं ऐकत नाही. कार्यालयात मला भिंगसाहेब म्हणतात. (पाठीमागे नुसतं भिंग.)

तर असा माणूस मुलीच्या अभ्यासाला बसला. बसला म्हणजे, बसणार होता. मी सहा वाजता सुटायचो. तोवर मुंगी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींकडे असायची. तिला घेऊन वर यायचं, कुकर लावायचा, उद्याचे कपडे बघायचे, आणि या सगळ्यातून मोकळा झालो की पाठ टेकायची. मुंगी डायरी घेऊन यायची. शाळेची डायरी म्हणजे रोज एक पान. वर बाईंची सूचना, खाली 'पालकांची सही'. मी म्हणायचो, ठेव तिथे, करतो. पहिल्या आठवड्यात ती दोनदा-तीनदा आठवण करायची. मग तिने आठवण करणं बंद केलं. कुणी विचारायला येत नाही म्हणजे काम सुरळीत चाललंय, असा मी अर्थ घेतला. (कार्यालयातही आम्ही हाच अर्थ घेतो.) शिवाय दिवसभरात दीडशे शेऱ्यांखाली सही करणाऱ्या माणसाला आपण घरी एक सही केली की नाही, हे कुठे आठवतं? मी रोज सही करतोय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

अभ्यास मात्र मी एकदा घेतला. अगदी मनापासून घेतला. शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. रविवार होता, बायकोचा यायचा शनिवार नव्हता, मुंगी खिडकीशी नुसती बसून होती. मी तिला जवळ घेतलं, भिंग काढलं आणि सही कशी ओळखायची ते शिकवलं. कागदावर माझी सही केली. नेहमीची गडबडीतली नव्हे. सावकाश, प्रत्येक वळण सोडवून, शेवटची शेपटी मागे नेऊन खालची रेघ ओढत. मग तिला सांगितलं, की खोटी सही करणारा माणूस अक्षरं काढतो, म्हणून त्याचा हात मधे मधे थांबतो आणि थांबला तिथे शाईचा ठिपका पडतो. खऱ्या सहीत हात वाहतो. मुंगीने डोळ्याला भिंग लावून ठिपके शोधले. मग स्वतः करून बघितली. पहिली जमली नाही. मी म्हणालो, बघू नकोस, आठवून कर. दुपारभर आम्ही पानंच्या पानं भरली. संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, की आज चार तास अभ्यास घेतला.

वर्ष असंच गेलं. मुंगी पास होत होती, डबा रिकामा येत होता, फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणत होतो. त्या वर्षी माझ्या शर्टाचं एकही बटण तुटून हरवलं नाही, म्हणून मी दुकानदाराचं कौतुकसुद्धा केलं.

परीक्षा संपली आणि शाळेतून एक छापील कागद आला. वर प्रश्न होता, 'या वर्षी माझं मूल काय शिकलं?' खाली दहा ओळी आणि पालकांची सही. मुंगीला त्या दिवशी कणकण होती, ती लवकर झोपली, आणि तो कागद माझ्या हाती लागला. दहा ओळींचं काम म्हणजे आमच्यासाठी चहा गार होण्याआधीचं. मी लिहिलं, की सदर विद्यार्थिनीने चालू शैक्षणिक वर्षात समाधानकारक प्रगती केली असून तिला वाचन, लेखन व पाढे अवगत झाल्याचे दिसून येते; तसेच तिची वर्तणूक चांगली असून याबाबत कोणतीही तक्रार प्रलंबित नाही. माहितीस्तव सविनय सादर. खाली झोकात सही ठोकली आणि कागद तिच्या दप्तरात घातला.

तिसऱ्या दिवशी मुंगीने मला एक बंद पाकीट दिलं. ती त्या संध्याकाळी नीट जेवली नाही. मला वाटलं, तापाने तोंडाला चव नसेल. पाकिटात माझाच कागद होता. त्यावर लाल शाईत बाईंचा शेरा होता: 'अक्षर व सही वडिलांची नाही. कृपया दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. चुका झाल्या तरी चालतील, पण स्वतः लिहावे. सही जुळत नाही.'

माणसाला आयुष्यात बरंच काही ऐकून घ्यावं लागतं. पण बावीस वर्षं हेच वाक्य दुसऱ्यांच्या कागदांवर लिहिलेल्या माणसाला ते स्वतःच्या कागदावर वाचावं लागलं की काय होतं, हे मला विचारा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ओळखपत्र घेतलं, खिशात भिंग टाकलं आणि शाळेत गेलो. (शाळा नक्की कुठल्या गल्लीत आहे, ते मला एकदा विचारावं लागलं.)

वर्गात बाई एकट्याच वह्यांचा गठ्ठा बांधत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. मी कुणाचा बाप ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. तो बाक सात वर्षांच्या माणसासाठी केलेला होता. माझे गुडघे हनुवटीला लागले. बाई माझ्याशी फार सावकाश बोलत होत्या. एकेक शब्द सुटा करून. मला वाटलं, लहान मुलांशी बोलून सवय झाली असेल.

मी ओळखपत्र पुढे केलं आणि म्हणालो, की त्या कागदावरची सही माझीच आहे. बाईंनी ते वाचलं नाही. त्यांनी मुंगीची डायरी माझ्यापुढे ठेवली आणि पानं उलटायला लागल्या. सुरुवातीची काही पानं सोडली, तर प्रत्येक पानावर सही होती. दीड-दोनशे तरी असतील. मी भिंग काढलं. बाईंनी आपुलकीने विचारलं, की डोळ्यांना त्रास आहे का. मी कामात होतो. वळणं मोकळी, दाब सारखा, कुठे ठिपका नाही, शेपटी मागे नेऊन ओढलेली रेघ थेट नमुन्याबरहुकूम. त्यांच्याशेजारी माझी कागदावरची सही ठेवली, तर ती खरंच कुणीतरी चालत्या गाडीत केल्यासारखी होती. मी मान वर करून, ज्या आवाजात मी साहेबांना सांगतो त्या आवाजात सांगितलं:

"डायरीतल्या सगळ्या सह्या खऱ्या आहेत. माझ्याच आहेत."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "मग हा कागद कुणाकडून लिहून आणलात? लाजू नका. तुम्ही वर्षभरात जेवढं शिकलात, तेवढं माझ्या वर्गात कुणी शिकलं नाही."

मला काही कळेना. बाईंनी डायरी पहिल्या पानांवर नेली आणि सहीच्या वर बोट ठेवलं. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं. मी आत्तापर्यंत फक्त सह्या बघत होतो.

बाईंची सूचना होती: 'मुलीकडे दोन दिवस डबा नव्हता. कृपया लक्ष द्यावे.' खाली मोठ्या, एकमेकांना धक्के देणाऱ्या अक्षरांत उत्तर होतं: 'चूकलो. उद्या देतो.' आणि माझी सही.

पुढचं पान. 'आज वर्गात रडली. विचारल्यावर पोट दुखतं म्हणाली. घरी बोलावे.' खाली: 'बोललो. आता दुकत नाही.' आणि माझी सही.

पालकसभेची सूचना. खाली: 'मी यऊ शकत नाही. मला फार काम असत. मुंगी चांगली मुलगी आहे का? कळवा.'

त्याखाली बाईंचं लाल शाईतलं उत्तर होतं: 'खूप चांगली आहे. तुमचं अक्षरही सुधारतंय. शाब्बास.'

मी भिंग खाली ठेवलं. पुढची पानं मी साध्या डोळ्यांनीच वाचली. बाई बोलत होत्या. त्यांना वाटलं होतं, की हा बाप कधी शाळेत न गेलेला, सही तेवढी कुणीतरी घोटवून घेतलेली, आणि आता मुलीची पुस्तकं घेऊन तिच्याबरोबर लिहायला शिकतोय. पहिल्या घटक परीक्षेनंतर त्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली होती. मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मुंगी तेवढी मान खाली घालून बसली होती. लाजली असेल, बाई म्हणाल्या.

मी वाचत होतो. 'मुंगीचा दात पडला. ती रडली नाही. तुम्हाला माहीत असाव म्हणून लिहील.' दात कधी पडला होता? मला आठवेना. 'मुंगीला शेजारच्या मुलीने खेळायला घेतल नाही. तुम्ही काही बोलू नका. उद्या घेईल.' एका पानावर बाईंची सूचनाच नव्हती, नुसतं खालून लिहिलं होतं: 'तिची आई शनीवारी येणार होती. आली नाही. आज तिला प्रश्न विचारू नका.' त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, 'नाही विचारणार.' तो शनिवार मला आठवतो. बायकोची रजा ऐनवेळी रद्द झाली होती. मी मुंगीला सांगितलं, आई पुढच्या शनिवारी येईल, आणि ती 'बरं' म्हणून मावशींकडे गेली. पोर किती समजूतदार, असं मी सोमवारी कार्यालयात दोघांना सांगितलं होतं.

एका ठिकाणी मात्र भिंग पुन्हा उचलावं लागलं. 'आज मुंगीने माझ्या शर्टाला बटन लावल. शिवणवाल्या मावशींनी शिकवल.' त्यातल्या 'माझ्या'च्या खाली खाडाखोड होती. शाई गडद होती, पण खोडलेलं वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. खाली शब्द होता 'बाबांच्या'.

बाईंच्या मनातला तो बाप रोज लिहीत होता. चुकलो म्हणत होता, मुलीची चौकशी करत होता, तिचं मन दुखलेलं त्याला कळत होतं. बाई ज्याच्यासाठी उठून उभ्या राहिल्या, तो हा. त्या बाकावर गुडघे मुडपून बसलेला माणूस वेगळाच होता, आणि दोघांत काही जुळत नव्हतं.

आता खरं सांगून टाकायला हवं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही. पण मग मनात आलं, वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पोरीच्या नावावर खोट्या सह्यांचा शेरा पडेल. (मुलीची अब्रू हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं कारण तुम्हाला कळलंच आहे.) बाईंनी विचारलं, कार्यालयात काय काम करता. मी म्हणालो, सह्यांचं. त्या म्हणाल्या, टेबलाटेबलांवर सह्या घ्यायला फार फिरावं लागत असेल. मी म्हणालो, हो.

मग त्यांनी नवा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "इथेच लिहा," त्या म्हणाल्या. "शब्द अडला तर विचारा."

मी लिहायला बसलो. ठरवलं, की चार चुका मुद्दाम करायच्या, म्हणजे डायरीशी मेळ बसेल. अक्षर वाकडं काढायचंही ठरवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. ओळखीची दहा वाक्यं मला सुचत नव्हती. सदर विद्यार्थिनी वगैरे काही सुचेना. मी लिहिलं, की मुंगी बटण लावायला शिकली. तिला आईची वाट बघता येते. रडू आलं तर पोट दुखतं म्हणायचं, हे ती शिकली. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे शिकली. कुणी आपल्याबद्दल विचारत नसेल तर आपणच विचारायचं, हेही शिकली. पाढ्यांचं मला माहीत नाही. विचारून सांगतो.

त्यात अर्धा तास गेला. शेवटी सही करायची वेळ आली तेव्हा मी डायरी समोर ठेवली आणि बघून बघून, वळण सोडवून सही केली. दोन ठिकाणी हात थांबला. ठिपके पडले. बाईंनी कागद न वाचता घडी घालून ठेवला आणि म्हणाल्या, निकाल सोमवारी आहे, सगळे या.

संध्याकाळी मुंगीला मावशींकडून वर आणलं. ती बूट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली. पाकीट आलं तेव्हाच तिला कळलं होतं, की आता सगळं उघड होणार. मी डायरी वाचली, एवढंच सांगितलं.

"तुम्ही रागावलात?"

"नाही."

"मग आता सही कुणी करायची?"

मी तिचे बूट काढायला खाली बसलो. मग तिने सगळं सांगितलं, न अडखळता, परिपाठाला बातम्या वाचून दाखवाव्यात तसं. दोन दिवस सही नव्हती म्हणून तिला वर्गाबाहेर उभं राहावं लागलं होतं. मला उठवलं तर मी दचकून ओरडायचो. रविवारी सही शिकून झाल्यावर तिला वाटलं, बाबांनी आपल्याला हे काम दिलंय. वर लिहायचं मात्र तिचं तिनेच ठरवलं. सहीच्या वर रिकामी जागा असायची आणि बाकीच्यांचे बाबा त्यात काहीतरी लिहायचे.

मी म्हणालो, झालं ते झालं, वर्ष संपलं. बाईंना काही सांगायला नको. पुढच्या वर्षीपासून मी रोज सही करीन. हे मी चांगल्या भावनेने म्हणत होतो, पण मुंगीचा चेहरा काही मोकळा होईना.

"खोटी सही आली की तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"अर्ज परत करतो."

"आणि त्या माणसाने सांगितलं, की माझं चुकलं, तर?"

बावीस वर्षांत असं सांगायला कुणी आलं नव्हतं. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, आपण सांगूया. बाईंनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या तेव्हापासून मला वर्गात नीट बसता येत नाही. ते ती इतक्या साधेपणाने म्हणाली, की मला मान हलवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

शनिवारी दुपारी बायको आली. बदलीचं वर्ष संपलं होतं; ती सामान घेऊनच आली होती. मी डायरी तिच्या हातात दिली आणि बोलणी खायची तयारी करून स्वयंपाकघरात उभा राहिलो. ती बॅगेवरच बसून वाचत होती. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मधेच थांबत होता. बऱ्याच वेळाने मी बाहेर डोकावलो. तिने शनिवारचं ते पान उघडं धरलं होतं.

"त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, मुंगी मजेत आहे."

"मला तसंच वाटलं होतं," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. वाईट तेच होतं.

मुंगी खालून वर आली तेव्हा बायको तिला मांडीवर घेऊन बसली. मुंगीचे पाय आता मांडीवरून पार जमिनीला टेकत होते. हे मी रोज बघत असूनही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

सोमवारी आम्ही तिघं शाळेत गेलो. निकाल घेऊन बाकीचे पालक जाईपर्यंत थांबलो. मग मुंगी पुढे झाली. मी आधी बोलीन असं घरी ठरलं होतं, पण माझा घसा साफ होईपर्यंत तिने सुरुवात केलीसुद्धा. डायरीतलं सगळं मी लिहिलंय, ती म्हणाली. बाबांना आधीपासून लिहिता येतं. ते कार्यालयात खोट्या सह्या पकडतात.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो असणं रास्त होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी बाप म्हणून कुठे कमी पडलो ते मी सांगितलं, जमेल तेवढं. माझं सांगून झाल्यावर त्यांनी मुंगीला जवळ बोलावलं.

"मुंगी चांगली मुलगी आहे का, कळवा. हे तूच विचारलं होतंस?"

मुंगीने मान हलवली.

"सही खोटी होती. मी दिलेलं उत्तर खरं होतं. तेवढं लक्षात ठेव."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंनी मुंगीच्या निकालपत्रावर आमच्यासमोर शिक्का मारला, तिला तिसरीत पाठवलं, आणि पुढच्या वर्षी दर शनिवारी मी स्वतः येऊन डायरी दाखवायची, असं मला बजावलं. मी कबूल झालो. सगळं कसं नीट मिटलं होतं. तिथेच नमस्कार करून निघायला हवं होतं.

पण बाईंच्या टेबलावर मी लिहिलेला तो पेन्सिलीचा कागद दिसत होता, आणि बायकोने तो वाचावा असं मला वाटत होतं. वाचताना मात्र गैरसमज नको. म्हणून मी जरा हसून म्हणालो, की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी मुद्दाम केल्यात, डायरीशी मेळ बसावा म्हणून. एरवी बावीस वर्षं लिखापढीच करतोय.

"मुद्दाम किती केल्या?" बाईंनी विचारलं.

"चार."

बाईंनी कागद उलगडून माझ्यापुढे धरला. लाल शाईची गोल गोल वर्तुळं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पसरली होती. खाली लिहिलं होतं: 'एकूण चुका अकरा. आशय चांगला. सराव आवश्यक.'

मी वर्तुळं पुन्हा मोजली. अकराच होती. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मुंगीने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बोटांवर न मोजता शांतपणे म्हणाली, "म्हणजे सात खऱ्या."

वजाबाकी त्या वर्षी तिची अगदी पक्की झाली होती.